मुंबई ते लंडन हे अंतर किती आहे आणि विमानाला जाताना व येताना वेगवेगळा वेळ का लागतो?

मुंबई ते हीथ्रो हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना पाऊण-एक तास कमी. माझी मुलगी लंडनला शिकायला होती तेव्हा हा प्रवास मी अनेकदा केला आणि आपल्याला पडलेला प्रश्न मलाही पहिल्याच खेपेला पडला होता.

हे ७,२०० किलोमीटर म्हणजे पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला तर भरणारी लांबी होय. तो दोरा बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, काळा समुद्र आणि युक्रेन यांवरून जातो. प्रत्यक्षात विमानाला नेमका तो मार्ग मिळत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे कापले जाणारे अंतर नेहमीच जास्त भरते, आणि किती जास्त ते त्या दिवशी कोणते मार्ग मोकळे आहेत यावर ठरते.

जाण्यायेण्यातील फरकाचे मुख्य कारण मात्र वारा आहे. विमाने ज्या उंचीवरून, म्हणजे साधारण दहा ते बारा किलोमीटरवरून उडतात, तिथे या अक्षांशांत वारे बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर विशेष असतो. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. ती हवाच ताशी सरासरी ४० किलोमीटरने पूर्वेकडे सरकत असेल, तर जमिनीच्या हिशोबाने जाताना वेग ८६० आणि येताना ९४० होतो. एवढ्याशा वाऱ्यानेही ७,२०० किलोमीटरमध्ये सुमारे चाळीस मिनिटांचा फरक पडतो, हे आपण स्वतः भागाकार करून पाहू शकता.

आता ७,२०० ला ९०० ने भागले तर आठच तास येतात. वरचा वेळ लांबलेला मार्ग, चढण्या-उतरण्यातील कमी वेग आणि धावपट्टीपर्यंतची संथ चाल यांत जातो. तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. हीथ्रोवर गर्दीच्या वेळी उतरण्याची पाळी येईपर्यंत विमाने आकाशात घिरट्या घालतात, तोही वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. (८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे पहिले लंडन विमान, 'मलबार प्रिन्सेस', कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले होते, ते आठवले की आजचे दहा तास मला फार वाटत नाहीत.)

एक चूक मी सुरुवातीला केली होती, ती आपण करू नये. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघून संध्याकाळी ६:३० ला लंडनला पोहोचणारे विमान साडेचार तासांत जात नाही. त्यात साडेपाच तास मिळवले की दहा तास होतात. परतीच्या हिशोबात हेच साडेपाच तास वजा करावे लागतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून त्या काळात साडेपाचऐवजी साडेचार तास धरावेत.