मैदानाच्या पाण्याचा हिशेब

सप्रेम नमस्कार.

आयपीएलच्या पाण्याचा प्रश्न हाती घ्यायचं तू ठरवलंस, याचा आनंद झाला. पत्रकाचा मसुदा वाचला. त्यातलं पहिलं वाक्य आधी बदल: ‘खेळपट्ट्यांवर लाखो लिटर पाणी ओतलं जातं.’ हे वाक्य घेऊन गेलं तर मैदानावरचा माळीसुद्धा तुला दोन मिनिटांत गप्प करेल. खेळपट्टी 20.12 मीटर लांब आणि 3.05 मीटर रुंद, म्हणजे जेमतेम 61 चौरस मीटर. तिला 25 मिलिमीटर पाणी दिलं, म्हणजे चांगली भिजवली, तरी दीड हजार लिटर लागतं. खरं पाणी पितं ते आउटफिल्डचं, म्हणजे खेळपट्टीभोवतालच्या मैदानाचं गवत.

ते मोजायला एकच सूत्र पुरतं: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. सीमारेषा मध्यापासून 70 मीटरवर धरली तर मैदान साधारण 15,400 चौरस मीटरचं होतं. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ टिकवायला रोज चार ते पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला साठ ते पंचाहत्तर हजार लिटर. स्प्रिंकलर भर दुपारी चालवले तर वाफ आणि वाऱ्यात जाणारं पाणी धरून हाच आकडा लाखाच्या घरात जातो. वाळूचा थर घातलेलं आधुनिक मैदान पावसानंतर झटपट कोरडं होतं, पण त्याच कारणाने त्याला पाणीही वारंवार द्यावं लागतं. हा हिशेब कागदावर मांडून समोर ठेव. तो कुणी खोडून काढू शकत नाही, फार तर चारचे साडेतीन मिलिमीटर करतील.

2016 च्या दुष्काळात आयपीएलच्या सामन्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका झाली, तिच्यात 60 लाख लिटरचा आकडा होता. वर्तमानपत्रांनी तो ‘खेळपट्ट्यांसाठी’ म्हणून छापला आणि टिंगल झाली. पण मुंबई, पुणे आणि नागपूर अशी तीन मैदानं, रोजचे 65 हजार लिटर आणि एक महिना, असा गुणाकार कर. 58 लाखांच्या पुढे जातो. आकडा ठीक होता, शब्द चुकला होता.

त्या वर्षाचा घटनाक्रम नीट समजून घे, कारण तुझ्यापुढे तोच युक्तिवाद येणार आहे. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, सुमारे पाच लाख लिटर घेऊन. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. अंतिम सामन्यासह 13 सामने गेले. सुनावणीत क्रिकेट संघटनांनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, रोज सात-आठ टँकर, वापरायची तयारी दाखवली होती. दहा हजार लिटरचा टँकर धर आणि वरच्या हिशेबाशी ताडून बघ, जुळतो.

विरोधक म्हणाले, मुंबईतलं पाणी वाचवून ते लातूरला थोडंच जाणार आहे? भूगोल म्हणून ते बरोबरच आहे. आणि सामने हलले तरी गवताला पाणी द्यावंच लागतं, हेही खरं. म्हणून ‘सामने हलवा’ ही मागणी मला अपुरी वाटते. बातमी मोठी होते, पण मैदानाचा नळ तसाच राहतो. खरा प्रश्न वाटपाचा आहे: टंचाईत कुणाला आधी, कुणाला नंतर आणि कुठल्या नावाखाली. राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं. शेती आणि उद्योग यांच्या क्रमावरून बराच वाद होऊन 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. या यादीत क्रिकेट कुठे बसतं?

त्याचं उत्तर 2018 मध्ये पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमच्या निमित्ताने पुढे आलं. कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे सामने पुण्याला आले. पाण्याच्या वादातून आलेले सामने इथे पुन्हा पाण्याच्याच वादात सापडले. गहुंजेच्या मैदानाला पवना नदीचं पाणी औद्योगिक वापराच्या नावाखाली मिळत होतं. क्रिकेटचं मैदान हा उद्योग कसा, असा प्रश्न उभा राहिला आणि उच्च न्यायालयाने ते पाणी घ्यायला मनाई केली. सामने झालेच, पण करारातल्या एका शब्दाने जे साधलं ते अनेक मोर्च्यांनी साधलं नसतं. हेही विसरू नकोस की हे मैदान मावळात आहे. पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या जलवाहिनीविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. त्या तालुक्यात पाण्याबद्दल बोलताना आवाज खाली ठेव आणि कागद पुढे ठेव.

कागद मिळवायचा कसा, ते सांगतो. क्रिकेट मंडळाला माहिती अधिकाराचा अर्ज करत बसू नकोस. हा कायदा त्यांना लागू होतो की नाही, हा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. तुझी वर्षं त्यात घालवू नकोस. पाणी देणारा सरकारी आहे, त्याला विचार. नदी किंवा धरणाचं पाणी असेल तर जलसंपदा विभागाचं संबंधित विभागीय कार्यालय, शहरातली जोडणी असेल तर महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, जमीन भाडेपट्ट्याची असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मजकूर असा कोरडा ठेव: ‘अमुक स्टेडियमला मंजूर वार्षिक पाणीकोटा, मंजुरीतील वापराचा प्रकार, कराराची प्रत, मागील 24 महिन्यांची मीटरनोंद व देयके, थकबाकी असल्यास रक्कम.’ ‘एवढं पाणी का दिलं?’ असं कधीच विचारू नकोस. ‘का’ला नोंदवहीत उत्तर नसतं आणि अर्ज तिथेच निकाली निघतो. ‘सामन्यासाठी वापरलेलं पाणी’ अशीही नोंद कुठे नसते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. आणि प्रतींऐवजी नोंदवहीचं अवलोकन मागितलंस तर अनेकदा जास्त हाती लागतं, कारण समासातले शेरे झेरॉक्समध्ये नीट उमटत नाहीत.

हे सगळं केव्हा करायचं, यावर निम्मं यश ठरतं. सामने सुरू झाल्यावर न्यायालयात धाव घेतली की विकलेली तिकिटं आणि प्रसारणाचे करार हेच मुद्दे पुढे येतात. धरणातल्या 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर पुढच्या उन्हाळ्याचं नियोजन होतं आणि कालव्याच्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीची बैठकही त्याच सुमारास असते. म्हणून पहिला अर्ज सप्टेंबरमध्ये टाक, अपील नोव्हेंबरपर्यंत संपव आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन जानेवारीत दे. वेळापत्रक हलत नसतं, असं कुणी म्हणालं तर आठवण करून दे: लोकसभा निवडणुकीमुळे 2009 ची अख्खी आयपीएल दक्षिण आफ्रिकेत झाली आणि 2014 चे सुरुवातीचे सामने अमिरातीत. मतदानासाठी जे जमतं ते दुष्काळासाठी न जमण्याचं कारण फक्त इच्छेचं आहे.

राजकारण्यांबद्दल तुझ्या मसुद्यात राग आहे. तो समजतो, पण तो कामाला लाव. शरद पवार, विलासराव देशमुख अशी मुख्यमंत्रिपद भूषवलेली माणसं मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी होती. क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या शिफारशींवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मंत्र्यांना पदाधिकारी व्हायला मनाई केली, आमदार मात्र संघटनांत आजही आहेत. हा हितसंबंध धोक्याचा आहेच. पण जो माणूस मैदानाचा कारभार पाहतो तोच सभागृहात मतदारांना बांधील आहे, हे तुझ्या सोयीचंही आहे. त्याला मतदारसंघातून पत्र जाऊ दे आणि त्याच विषयावर दुसऱ्या पक्षाच्या आमदाराकडून तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणारा प्रश्न, येऊ दे.

मागणी काय करायची? आउटफिल्डला फक्त प्रक्रिया केलेलं सांडपाणी, ही माझ्या मते मुख्य. पण ती करताना त्यातले खाचखळगे माहीत हवेत. सांडपाण्यात क्षार आणि सोडियम जास्त असतं. काळ्या चिकणमातीत सोडियम साठलं की तिचे कण सुटतात, पाणी मुरेनासं होतं आणि खेळपट्टी बिघडते. खेळपट्टी राखणाऱ्या क्युरेटरची ही तक्रार खरी आहे, तिला बहाणा समजू नकोस. तोडगा दोन स्वतंत्र वाहिन्यांचा: मधल्या खेळपट्ट्यांच्या पट्ट्याला गोडं पाणी आणि उरलेल्या मैदानाला प्रक्रिया केलेलं. मधला पट्टा एकूण मैदानाच्या पाच टक्क्यांच्या आसपास भरतो, म्हणजे 95 टक्के मागणी तिथल्या तिथे सुटते. साठलेले क्षार पावसाळ्यात बऱ्यापैकी धुऊन जातात. शिवाय खेळाडू सूर मारतात, कातडं सोलतं, म्हणून कोलिफॉर्म (मैल्याचा अंश दाखवणारे जिवाणू) आणि उरलेल्या क्लोरिनचा अहवाल दर आठवड्याला फलकावर लावायची अट घाल.

‘आमच्याकडे रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. दहा हजार चौरस मीटरच्या छतावर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर पाचवा हिस्सा वाया गेला असं धरूनही सुमारे 56 लाख लिटर हाती लागतं, हे खरं. पण ते सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत साठवणार कुठे? टाकीची क्षमता विचार. बहुतेक ठिकाणी पाणी बोअरमध्ये सोडलेलं असतं. ते चांगलंच आहे, पण त्यावर मैदान स्वयंपूर्ण होत नाही. झाडांचंही तसंच. 2023 च्या आयपीएलच्या प्लेऑफमध्ये प्रत्येक निर्धाव चेंडूमागे 500 रोपं लावायची घोषणा झाली. तिची थट्टा करू नकोस. रोपं कुठल्या गटात लावली, कुठल्या जातीची आणि तीन उन्हाळ्यांनंतर किती जगली, एवढं विचार.

मोठ्या स्टेडियमच्या आधी तुझ्या वॉर्डातल्या ‘आमदार चषका’कडे बघ. टेनिस बॉलची स्पर्धा, चार दिवस, धूळ बसवायला टँकर, प्रकाशझोतांसाठी डिझेल जनरेटर, मैदानाभोवती फ्लेक्स. परवानगी वॉर्ड ऑफिस देतं आणि अटी त्याच पत्रात घालता येतात: टँकर प्रक्रिया केलेल्या पाण्याचाच आणि त्याची पावती, वीज तात्पुरत्या मीटरवरून, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, मैदान पूर्ववत झाल्यावरच अनामत परत. आयोजकांना आधी भेट. बहुतेक पोरं तुझ्याच वयाची असतील आणि मैदान त्यांनाही हवंच आहे. त्यांना शत्रू केलंस तर पुढच्या वर्षी परवानगीचा कागद तुझ्यापर्यंत येणारच नाही.

मीटरनोंदी हाती आल्या की दोन गोष्टी आधी तपास. जुलैचं आणि मेचं रीडिंग सारखंच असेल तर मीटर बंद आहे आणि बिल सरासरीवर निघतंय. मे महिन्यात 20 लाख लिटरच्या जागी चार-पाच लाखच दिसत असतील, तर उरलेलं पाणी बोअरचं किंवा टँकरचं आहे. टँकर महापालिकेच्या भरणा केंद्रावर भरत असतील तर तिथलं रजिस्टर मिळवायचा दुसरा अर्ज त्याच दिवशी टाक. खासगी विहिरीवरून येत असतील तर ती विहीर कुठल्या गावात आहे आणि त्या गावाचं नाव यंदाच्या टंचाई कृती आराखड्यात आहे का, ते तहसील कार्यालयात जाऊन बघ.

तुझा,
एक हितचिंतक