दोघांचीही आठवण लिहून ठेव

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घरातल्या मोठ्या माणसांच्या लहानपणीच्या आठवणी एका वहीत उतरवून ठेवायचे तू मनावर घेतलेस, हे वाचून मला फार आनंद झाला. पण आठवडाभरातच ते काम अडले, कारण आई आणि मामा एकाच प्रसंगावरून एकमेकांवर रुसले, असेही तू लिहिले आहेस. भर पावसात शाळेतून परतताना वाट चुकलेले आणि शेवटी कोणा अनोळखी माणसाच्या खांद्यावर बसून घरी पोचलेले मूल आपणच होतो, असे दोघेही ठामपणे सांगतात. तेव्हा यांतले खरे कोण हे कसे ठरवावे, हा तुझा प्रश्न आहे.

ते ठरवू नकोस, एवढेच मी आधी सांगेन. असा वाद फक्त तुमच्याच घरात होतो असे समजू नकोस. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढ जुळ्या भावंडांच्या 20 जोड्यांना काही शब्द देऊन, प्रत्येक शब्दावरून स्वतःच्या आयुष्यातली एक आठवण सांगायला सांगितले होते. त्या 20 पैकी 14 जोड्यांमध्ये निदान एक आठवण अशी निघाली, की ती आपल्याच बाबतीत घडली असे दोन्ही भावंडांचे म्हणणे होते. त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत होते असे नाही. भावंडे एका घरात वाढतात, एकच प्रसंग वर्षानुवर्षे ऐकतात, ऐकता ऐकता तो त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि मग हे चित्र आपण पाहिलेले की कोणी सांगितलेले, हा फरकच पुसट होत जातो. आठवताना मन तो प्रसंग हाताशी असलेल्या तुकड्यांतून दर वेळी नव्याने जुळवते, आणि त्या तुकड्यांत दुसऱ्याने सांगितलेलेही मिसळलेले असतात.

म्हणून वहीत त्या प्रसंगाला समोरासमोरची दोन पाने दे. एका पानावर आईने सांगितलेले, दुसऱ्यावर मामांनी सांगितलेले, आणि दोन्हींच्या वर सांगणाऱ्याचे नाव व सांगितल्याची तारीख. मग दोघांनाही वेगवेगळे गाठून असे प्रश्न विचार, ज्यांचा 'ते मूल कोण' याच्याशी काही संबंध नाही: घरी पोचल्यावर दार कोणी उघडले, दप्तरातल्या वह्यांचे काय झाले, त्या माणसाला आत बोलावले का, रात्री कोणी कोणाला रागावले का. वादात अडकलेला माणूस आपलीच बाजू पुन्हा पुन्हा मांडत राहतो. दार कोणी उघडले असे विचारले की तो त्या दारापाशी जाऊन उभा राहतो. तुला हवे आहे ते तिथे सापडेल.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, त्यामागे माझी एक चूक आहे. माझी आत्या तिच्या लहानपणच्या एका आजारपणाची गोष्ट सांगत असे, आणि दर वेळी तिच्या सांगण्यात सालाचा घोळ होई. मी तेव्हा तुझ्याच वयाची होते. एकदा सगळ्यांसमोर मी तिला थांबवले, ते साल कसे चुकीचे आहे हे हिशेब मांडून सिद्ध केले, आणि माझे बरोबरही निघाले. तिने मान डोलावली आणि विषय बदलला. ती गोष्ट तिने पुन्हा कधीच सांगितली नाही. त्या आजारपणात तिच्या उशाशी रात्रभर कोण बसले होते, हे विचारायचे माझे राहून गेले, आणि आता ते सांगू शकेल असे कोणी उरलेले नाही. साल मला नंतर कागदपत्रांतूनही शोधता आले असते. सांगणाऱ्याला मध्ये तोडू नकोस. दुरुस्ती करायचीच असेल तर ती नंतर, वहीच्या समासात आणि पेन्सिलीने कर.

विचारण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे लिहिते. 'तुमच्या लहानपणाबद्दल काही सांगा ना' असे म्हटले की बहुतेक माणसे 'काय सांगणार, साधेच होते सगळे' एवढे बोलून थांबतात. प्रश्न जितका लहान, तितके उत्तर मोठे येते. झोपायला कोण कोणाशेजारी असे, घरातला कोणता आवाज ऐकून जाग येई, पहिला पगार कोणाच्या हातात दिला, कोणत्या वस्तूला हात लावायची मनाई होती, असे विचार. हातात एखादा जुना फोटो दिलास तर फारच चांगले, कारण फोटोतल्या खुर्चीपासून सुरू झालेले बोलणे ती खुर्ची मोडणाऱ्या माणसापर्यंत पोचते. आणि उत्तर संपल्यासारखे वाटले तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, थोडे थांब. पुष्कळदा खरी आठवण त्या शांततेनंतर येते.

लहान मुले आसपास असतील तर त्यांना 'तुम्ही खेळायला जा' म्हणून घालवू नये, असे मला फार वाटते. मोठेपणी माणसाला आठवणारा पहिला प्रसंग साधारणपणे वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमाराचा असतो. त्याआधीचे आपले आयुष्य आपल्याला केवळ इतरांच्या तोंडूनच कळते. न्यूझीलंडमध्ये काही मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांच्या आया त्यांच्याशी लहानपणी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल तपशिलाने बोलत असत, त्या मुलांना कुमारवयात अधिक लवकरच्या वयातल्या आठवणी सांगता आल्या, असे त्यात दिसले. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी तर मुलांसाठी 20 प्रश्नांची एक यादीच केली होती: आईवडील कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, तुझ्या जन्माची हकीकत काय, अशा स्वरूपाची. ज्या मुलांना अधिक उत्तरे ठाऊक होती, त्यांच्यात स्वतःविषयीचा आदर आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे ही भावना अधिक आढळली. मात्र यावरून मुलांकडून घराण्याची माहिती पाठ करून घेऊ नकोस. ती माहिती ज्या घरांत निवांत बसून सहज बोलणे होते त्या घरांतल्या मुलांना आपोआप मिळालेली असते, आणि माझ्या मते गुण त्या बोलण्याचा आहे.

नातेवाइकांच्या शब्दाला केवढे वजन असते, हेही लक्षात असू दे. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या प्रयोगात 24 जणांना त्यांच्या लहानपणीचे चार प्रसंग वाचायला दिले होते. तीन प्रसंग नातेवाइकांनी सांगितलेले खरे होते. चौथा, म्हणजे मोठ्या दुकानांच्या संकुलात हरवल्याचा प्रसंग, रचलेला होता. तरीही सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्णपणे किंवा काही अंशी आठवला. तेव्हा धाकट्या भावंडाला केवळ गंमत म्हणून 'तू लहानपणी असे केले होतेस' असे खोटे सांगू नकोस. ते त्याच्या मनात घर करील आणि तुला ते परत घेता येणार नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. तुझ्या आजोबांबद्दल तुमच्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते, त्यांच्या रागाची, असे तू जाता जाता लिहिले आहेस. 2007 सालच्या एका संशोधनात असे दिसले, की बोलणारा एखाद्या विषयातले काही सांगतो आणि त्याच्याशी निगडित बाकीचे सांगत नाही, तेव्हा न सांगितलेले बोलणाऱ्याला तर नंतर कमी आठवतेच, पण ऐकणाऱ्यालाही कमी आठवते. म्हणजे तीच रागाची गोष्ट दर भेटीत रंगवून सांगताना आजोबांच्या इतर आठवणी सगळ्या घरातूनच विरत चालल्या असतील. पुढच्या वेळी ती गोष्ट निघाली की ती पुरी होऊ दे, आणि मग विचार: ते आजारी पडले की कसे वागत, ते कोणाला पत्रे लिहीत, त्यांना कशाची भीती वाटे. घरातल्या सर्वांत शांत माणसाला हे आवर्जून विचार, कारण मोठ्या आवाजात सांगणाऱ्यांचे सगळ्यांना पाठ झालेले असते.

आता तुझी दुसरी तक्रार. दर रविवारी सगळ्यांना फोन करूनही 'कसे आहात', 'बरे आहोत' यापलीकडे बोलायला काहीच नसते, असे तू म्हटले आहेस. तुझ्या वहीइतकेच महत्त्व मी या फोनला देते, कारण आज मावशीने सांगितलेली गुडघ्याच्या दुखण्याची बातमीच तीस वर्षांनी कोणाची तरी आठवण होणार आहे. बोलण्यासारखे नसते हे खरे नाही. सांगण्यासारखे काही मोठेच असले पाहिजे, या समजुतीने आपण लहान बातम्या गिळून टाकतो. सुरुवात तू कर. या आठवड्यात जिन्यात दिवा नव्हता म्हणून शेजाऱ्यांशी पहिल्यांदा ओळख झाली, ऑफिसात नवीन खुर्ची आली आणि पाठ दुखायची थांबली, दोन दिवस झोप नीट लागली नाही, असे काहीही सांग. आपण आधी तपशील दिला की समोरचा माणूसही तपशिलात बोलू लागतो. फोन ठेवल्यावर एका ओळीत टिपून ठेव: मावशी, डॉक्टरांकडे गुरुवारी जाणार. पुढच्या फोनवर 'कशा आहात' ऐवजी 'गुरुवारी डॉक्टर काय म्हणाले' असे विचारशील, तेव्हा मावशींना कळेल की मागच्या वेळी त्यांचे बोलणे कोणीतरी ऐकले होते.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेले मजकूर यांच्या गर्दीत खरी बातमी हरवते, हे तुझे निरीक्षण योग्य आहे. त्यावर कोणाशी भांडू नकोस. आठवड्यातून एकदा तू काढलेला एक साधा फोटो आणि त्याखाली दोन वाक्ये टाक. दोन-तीन महिन्यांत आणखी कोणी तरी तसेच करू लागेल. आजारपण किंवा मृत्यूची बातमी मात्र जवळच्या माणसांना गटावरून कळता कामा नये, त्यासाठी फोनच करावा. आणि चुलत भावाची नोकरी गेली, बहिणीचे लग्न मोडले, ही बातमी ज्याची त्याने सांगायची असते. वहीत लिहितानाही हाच नियम ठेव; कोणी 'हे लिहू नकोस' म्हणाले तर पेन खाली ठेवून नुसते ऐक.

ज्या आजींचे विस्मरण वाढत चालले आहे, त्यांना 'आठवते का' असे विचारून परीक्षेला बसवू नकोस. आपणच सांगावे: 'तुम्ही मला शिवण शिकवले होते, आणि दोरा ओवताना तुम्ही गुणगुणत होता.' अशा विस्मरणात अलीकडचे आधी जाते आणि फार जुने पुष्कळदा अधिक काळ टिकते, म्हणून त्यांना तरुणपणाकडे नेणारी वाट धर. त्यांनी तुला दुसऱ्याच नावाने हाक मारली, तरी त्या नावाच्या माणसाबद्दल विचार.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगते. जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण दाबाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. फोटो स्वच्छ, टणक पृष्ठभागावर पालथा ठेवून मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहावे. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर फोटो पाकिटात घालण्याआधी पाकिटावर लिहावे. आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर आधी विचार, सुरुवातीलाच तारीख आणि नाव मोठ्याने बोल, आणि त्याच दिवशी दुसरी प्रत फोनखेरीज आणखी कुठेतरी ठेव. फोन बदलताना हरवलेले आवाज मी फार पाहिले आहेत.

या रविवारी आधी मामांना फोन कर. पावसाचा विषय तू काढू नकोस; त्या काळात त्यांच्याकडे आणि आईकडे मिळून छत्र्या किती होत्या, एवढेच विचार. ते काय म्हणाले ते मला सविस्तर कळव, आणि आईने त्याच प्रश्नाला काय उत्तर दिले तेही.

तुझी हितचिंतक