बेटांवर जाणाऱ्या बोटी सरकारने तोटा सोसून कशाला चालवायच्या? खासगी का करत नाहीत?

प्रश्न वाचला आणि मोठे मामाच समोर उभे राहिले. "खासगीवाले आहेत की!" हे गेली वीस वर्षं त्यांच्या तोंडून ऐकतोय. मामा परळचे. मी घारापुरी बेटावरचा, तिथल्या मोराबंदर गावचा. सध्या मुक्काम माझगाव.

आमच्याकडे खासगीच आहे हो. मेरीटाइम बोर्ड परवाने देतं, लाँच खासगी मालकांच्या. गेटवेहून तासाभराची वाट, पण ती चालते लेणी बघायला येणाऱ्यांच्या जिवावर. सोमवारी लेणी बंद. मग लाँच कुणासाठी सोडायची?

२००६ साली ताईला बघायला मंडळी येणार होती. स्थळ मामांनीच आणलेलं. मुलाचं दादरला दुकान, म्हणून वार ठरला सोमवार. गेटवेवर सात माणसं कडक इस्त्रीत उभी आणि लाँच नाही. मामांनी सगळ्यांना टॅक्सीत कोंबून भाऊच्या धक्क्यावर नेलं, तिथून उरणजवळच्या मोऱ्याची बोट, मोऱ्याहून ओळखीच्या तांडेलाची होडी. पोचेपर्यंत ओहोटी लागलेली. होडी काठाला येईना. मुलाच्या काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय खाली टाकला, तो पोटरीपर्यंत चिखलात. वर आला तेव्हा चप्पल नव्हती. आईने पोहे तीनदा गरम केले. परतायला भरतीची वाट बघता बघता अंधार पडला. वीज नव्हतीच तेव्हा, संध्याकाळी तीन तास जनरेटर चालायचा. चौथ्या दिवशी निरोप आला: मुलगी पसंत आहे, पण सासुरवाडीला जायला भरती-ओहोटी बघायची असेल तर नको.

मामा कुणावर चिडले? बाबांवर. "बेट सोडा म्हणून कितीदा सांगितलं!"

तोट्याचं म्हणाल, तर बेस्टही तोट्यातच आहे आणि मामांचा जन्म तिच्यात गेला. २०१८ मध्ये आमच्याकडे समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आणली, हजारभर माणसांसाठी. तिचा नफा कुणी विचारला नाही. बोटीचं नाव काढलं की लगेच हिशेबाची वही उघडते.

लक्षद्वीपची जहाजं कोचीहून प्रशासनच चालवतं. वस्तीची बेटं दहा, विमानतळ एकट्या अगत्तीला. खासगीवाला अगत्तीला हौसेने जाईल, इवल्याशा बित्राला कशाला तडमडेल? स्कॉटलंडच्या बेटांवर बोटी नेणारी कॅलमॅक कंपनी सरकारी मालकीची आहे. रस्त्याने तेवढंच अंतर गेलं तर जो खर्च येईल, त्याच्याशी तिथलं भाडं जोडलेलं. मला हे पटतं. बेटवाल्याचा रस्ता म्हणजे पाणीच, आणि रस्त्याला नफा कोण विचारतो?

आता सरकारी म्हणजे वेळेवर, असं मात्र समजू नका. कॅलमॅकची ग्लेन सॅनॉक्स ही नवी बोट २०१८ मध्ये यायची, ती आली २०२५ च्या जानेवारीत. आणि सरकारी बोट असती तरी ओहोटीचा चिखल काही हटला नसता, हेही कबूल. मामांना सांगू नका.

ताईचं पुढे उरणला झालं. भावोजींना चिखलाची सवय आहे. तुम्हाला यायचं असेल तर या, फक्त सोमवार सोडून.