ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये फिशिंग ४७ वर अडकलंय, ९९ पर्यंत लवकर कसं जाता येईल?

तुम्ही लिहिलंय की ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ आतापर्यंत फुकट खेळत होतात, या महिन्यात मेंबरशिप घेतलीत. फिशिंग, म्हणजे खेळातलं मासेमारीचं कौशल्य, ४७ लेव्हलला आहे, करामजा बेटाच्या धक्क्यावर लॉबस्टर धरता, रात्री जेवणं आटपल्यावर मोबाइलवर जेमतेम तासभर मिळतो आणि लेव्हल काही हलत नाही.

लॉबस्टर सोडा. आजच सोडा. पोर्ट सरीम बंदरात मासेमारीचं दुकान आहे, तिथून फ्लाय फिशिंग रॉड आणि भरपूर पिसं घ्या आणि बार्बेरियन व्हिलेजच्या नदीकाठी ट्राउट आणि सॅमन धरायला उभे राहा. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण तुमची अर्धी अडचण एवढ्यानेच सुटेल.

आता कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

हा खेळ २००७ सालच्या प्रतीवरून २०१३ मध्ये पुन्हा सुरू केलेला. त्याचं घड्याळ जुनं आहे, ते ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं. त्या ठोक्याला टिक म्हणतात. तुम्ही पाण्यावर क्लिक केलंत की दर पाच टिकला, म्हणजे दर तीन सेकंदांनी, खेळ एकदा फासा टाकतो: मासा लागला की नाही? तासाला असे १,२०० फासे पडतात. ते सगळ्यांना सारखेच, मग तुम्ही कोळंबी धरत असा नाहीतर शार्क. फरक एवढाच की शार्कचा फासा क्वचित लागतो आणि ट्राउटचा वारंवार. म्हणजे 'एका माशाला किती एक्सपी' (लेव्हल चढवणारे अनुभवाचे गुण) हा प्रश्नच अर्धवट आहे. त्या १,२०० फाशांतले किती लागले आणि त्यातले किती तुम्ही चालण्यात फुकट घालवले, ते बघायचं.

लॉबस्टरला ९० एक्सपी मिळते, ट्राउटला ५०, सॅमनला ७०. आकडे बघून कुणीही लॉबस्टरच धरेल. मीही तेच करत होतो. माझी लेव्हल तुमच्याएवढीच असताना एका रात्री वही घेऊन बसलो. करामजाला जायचं तर पिंजरा पिशवीतला एक खण अडवतो आणि बोटीच्या भाड्याची नाणी एक. २८ खणांतले २६ उरतात. ते २६ लॉबस्टर भरायला मला सात मिनिटं लागली. मग बोट, ३० नाणी, पोर्ट सरीमला बँकेच्या पेटीत माल टाकणं, पुन्हा ३० नाणी, पुन्हा धक्का. नऊ मिनिटांनी मी पुन्हा पिंजरा टाकत होतो आणि हातात होती २,३४० एक्सपी. दुसऱ्या रात्री बार्बेरियन व्हिलेजला तेवढीच नऊ मिनिटं लावली. तिथे एकाच जागी दोन्ही मासे लागतात. फासा आधी सॅमनचा पडतो, तो हुकला तर ट्राउटचा. त्यामुळे या लेव्हलला दोनातला निदान एक तरी फासा लागतोच. वहीत आकडा पडला पाच हजारांच्या आसपास. दुपटीहून जास्त, आणि तेही जागचं न हलता.

जागचं न हलता म्हणजे मासे टाकून द्यायचे. २६ खण भरले की सगळे खाली सोडायचे आणि पुन्हा गळ टाकायचा. बँकेत एकही न्यायचा नाही.

हे मला सगळ्यात जड गेलं, म्हणून यावर जरा थांबतो. मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे बांगड्याचं डोकंसुद्धा कढीत जातं. ताटात काटा राहिला तरी आजी वळून बघायची. पडद्यावर का होईना, धरलेला मासा पायाशी टाकताना पहिले दोन दिवस माझा अंगठा अडखळायचा. मनाला पटवायला म्हणून मी काही दिवस 'अर्धे टाकायचे, अर्धे शिजवायचे' असं करून बघितलं. त्यात ना धड एक्सपी झाली, ना धड पैसे. अखेर असं ठरवलं की इथे मी मासे धरायला आलेलो नाही, हात बसवायला आलोय. सराव करणारा पोहणारा काठ गाठायला थोडाच पोहतो. तुम्हालाही असं काही वाटत असेल तर पैशाची रात्र वेगळी आणि लेव्हलची रात्र वेगळी ठेवा. एकाच तासात दोन्ही करायला जाऊ नका.

टाकण्याची पद्धतही शिकून घ्या. मोबाइलवर एका टॅपने वस्तू खाली टाकायची सोय आहे, ती चालू करा. संगणकावर शिफ्ट दाबून क्लिक. रॉड आणि पिसं वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा म्हणजे चुकून पडणार नाहीत. मग अंगठा उभ्या रांगेने वरून खाली न्या, पुढच्या रांगेत खालून वर या, जसं शेतात नांगर वळवतात तसं. सुरुवातीला मला २६ मासे टाकायला अर्धं मिनिट लागायचं, आता दहा-बारा सेकंद लागतात. रात्रीच्या तासात हे पंधरा-वीस वेळा होतं, त्यामुळे पाच-सहा मिनिटं नुसत्या अंगठ्याच्या वळणातून वाचतात.

आता तुमच्या मेंबरशिपचा पहिला खरा फायदा: दोन क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या गोष्टीरूप मोहिमा. सी स्लग ७,१७५ फिशिंग एक्सपी देते आणि फिशिंग काँटेस्ट २,४३७. दोन्ही मिळून ९,६१२. लेव्हल ४७ सुरू होते ७५,१२७ ला आणि ४८ आहे ८३,०१४ ला. म्हणजे तुम्ही आत्ता कुठेही असा, दोन क्वेस्ट संपल्या की ४८ पार झालेलंच असेल, आणि मासा एकही न धरता. फिशिंग काँटेस्ट तर मला मनापासून आवडते. हेमेन्स्टरच्या स्पर्धेत एक गूढ माणूस सगळ्यात चांगली जागा अडवून बसलेला असतो. भिंतीतल्या पाइपात लसूण कोंबला की त्या वासाने तो उठून जातो आणि त्याच्या जागी तुम्हाला मोठा कार्प लागतो. लसूण आणि लाल वेलीखालचे किडे आधीच जमवून जा. वर व्हाइट वुल्फ माउंटनखालचा बोगदा मोकळा होतो, तो पुढे जन्मभर कामाला येतो. सी स्लगला मात्र फायरमेकिंग ३० लागतं. फुकटवाल्या खात्यात ते बऱ्याचदा राहिलेलं असतं, तसं असेल तर एक संध्याकाळ ओक आणि विलोची लाकडं जाळण्यात घाला.

हे झालं की ५८ पर्यंत ट्राउट आणि सॅमनच. साधारण १ लाख ४० हजार एक्सपी उरते, तुमच्या तासाच्या हिशोबाने चार-पाच रात्री.

इथे बरेच जण एक चूक करतात. ४८ ला बार्बेरियन फिशिंग खुलं होतं असं वाचून लगेच तिकडे धावतात. बॅक्सटोरियन धबधब्याच्या दक्षिणेला ऑट्टो नावाचा म्हातारा राहतो, त्याच्या तळ्यावर उड्या मारणारे मासे मिळतात: लीपिंग ट्राउट ४८ ला, लीपिंग सॅमन ५८ ला, लीपिंग स्टर्जन ७० ला. पण ४८ ला तिथे फक्त ट्राउट लागतो, त्याला तेवढीच ५० एक्सपी. आपल्या जुन्या नदीवर त्याच फाशात सॅमनही असतो. म्हणून ५८ होईपर्यंत हलू नका. शिवाय ऑट्टोच्या माशांना अ‍ॅजिलिटी (चपळाई) आणि स्ट्रेंग्थही (ताकद) लागते, ट्राउटला १५, सॅमनला ३०, स्टर्जनला ४५, दोन्ही कौशल्यांत. मासेमारीचा कंटाळा आला की त्या रात्री अ‍ॅजिलिटीसाठी नोम स्ट्राँगहोल्डच्या दोऱ्या चढा, नंतर ड्रेनॉरची छपरं. ५८ होईस्तोवर अ‍ॅजिलिटी ३० झालेली असली की बस. तिथून पुढे ऑट्टोचा प्रत्येक मासा फिशिंगबरोबर थोडी अ‍ॅजिलिटी आणि थोडी स्ट्रेंग्थ देतो, जातीप्रमाणे पाच ते सात एक्सपी. थोडी वाटते, पण ९९ पर्यंत जाताना पावणेदोन-दोन लाख मासे हातून जातात. त्यातूनच अ‍ॅजिलिटी ७० च्या पुढे गेलेली असते. ज्यांनी छपरांवरून धावून अ‍ॅजिलिटी वाढवली आहे त्यांना विचारा याची किंमत काय ते.

तेवढीच पिसंही लागतात, प्रत्येक माशाला एक. ती एकदम घ्यायची गरज नाही. दुकानात शंभराची पाकिटं मिळतात, दर आठवड्याला थोडी थोडी साठवत जा. पिसं खणात एकावर एक बसतात, जागा एकच अडते.

आता खरं सांगायचं ते. ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी लागते. ऑट्टोच्या तळ्यावर साध्या पद्धतीने, ७० च्या पुढे गेल्यावर, मला तासाला पन्नास ते साठ हजार पडायची. म्हणजे ५८ पासून सव्वादोनशे तासांच्या वर. रोज एक तास धरला तर आठ महिने. हे आधीच सांगतोय, कारण ९२ ला पोचल्यावर माणसाला वाटतं की आलंच आता, आणि ९२ ला असते ६५,१७,२५३ एक्सपी. बरोबर निम्मी वाट. पुष्कळ लोक तिथेच सोडून देतात. तुम्ही ९२ ला थोडा आराम घ्या, पण ते निम्मं आहे हे माहीत असू द्या.

या लांब पल्ल्यात चव बदलायला टेम्पोरॉस आहे. समुद्रातलं वादळच ते, उन्काहच्या अवशेषांपासून बोट निघते. तिथे सगळे मिळून हारपूनफिश धरतात, शिजवतात आणि तोफांच्या पेटीत भरतात. मोठी लाट आली की डोलकाठीला किंवा खांबाला स्वतःला दोरीने बांधून घ्यायचं, नाहीतर लाट झोडपते आणि मासे वाहून नेते. लेव्हल ३५ पासून जाता येतं, पण तिथली एक्सपी लेव्हलप्रमाणे वाढते, म्हणून मी म्हणेन ७० नंतर जा. ऑट्टोच्या तळ्याइतकीच एक्सपी पडते आणि डोकं जागं राहतं. दिवसभर ऑफिसात बसून आलेल्या माणसाला रात्री हेच जास्त मानवतं असा माझा अनुभव. पण घरात मूल उठण्याची शक्यता असेल तर टेम्पोरॉस नको, मध्येच फोन ठेवता येत नाही.

तुम्ही 'थ्री टिक'बद्दलही विचारलंय. ग्वॅम या वनस्पतीची पानं आणि स्वॅम्प टार (दलदलीतलं डांबर) ठरावीक तालावर वापरलं की पाच टिकचा फासा तीन टिकवर येतो, म्हणजे तीन सेकंदांऐवजी १.८ सेकंदांनी. एक्सपी खूप वाढते, यात शंका नाही. पण तासभर दर १.८ सेकंदाला अचूक टॅप करावे लागतात. मी तीन आठवडे केलं आणि उजव्या मनगटात कळ यायला लागली, ती जायला दोन महिने लागले. मोबाइलवर तर करूच नका. आणि तेच काम ऑटोक्लिकरवर, म्हणजे आपोआप टॅप करणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवायचा विचार मनात येत असेल तर तोही काढून टाका. खेळाच्या नियमात ते बसत नाही, खातं बंद होतं, आणि वर्षभराचे मासे एका सकाळी गेलेले असतात.

ज्या रात्री डोळे मिटताहेत पण खेळायचंय, त्या रात्रीसाठी लेव्हल ६५ ला कॅरंबवान या माशाची सोय करून ठेवा. त्यासाठी ताय ब्वो वन्नाय ट्रायो ही क्वेस्ट पुरी करावी लागते. परीवर्तुळात (क्षणात दुसरीकडे नेणारं जादूचं वर्तुळ) डी के पी ही अक्षरं टाकली की अगदी जवळ उतरता. एक्सपी कमी पडते, पण फार बघावं लागत नाही आणि मासे चांगले विकले जातात. पिसांचा खर्च मी त्यातूनच काढला.

आणि एक. ५८ ला ऑट्टोकडे पोचलात की तळ्याकडे धावण्याआधी त्याच्याशी बोला आणि त्याच्या झोपडीतला पलंग शोधा. बार्बेरियन रॉड त्याच पलंगाखाली असतो. फ्लाय रॉड तिथे चालत नाही. मी पिसांचा ढीग घेऊन काठावर पाच मिनिटं टॅप करत उभा होतो, मग शेजारी मासे धरणाऱ्या एका खेळाडूने लिहिलं, 'पलंग बघ.'