दोन पासपोर्ट आणि तीन शतांश सेकंद

प्रश्न : आमचा सोळा वर्षांचा मुलगा अमेरिकेत जन्मला असून ५० मीटर फ्रीस्टाइल पोहतो. त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि भारताचे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. सांतो कोंडोरेली हा जलतरणपटू एका देशाकडून ऑलिंपिकला गेला आणि पुढच्या ऑलिंपिकमध्ये त्याने दुसऱ्या देशासाठी पदक मिळवले, असे वाचनात आले. हे नियमात कसे बसते? आमच्या मुलाला याच वाटेने भारताकडून पोहता येईल का? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर : कोंडोरेलीचे उदाहरण आपण नेमके निवडले आहे, पण त्याची वाट आणि आपल्या मुलाची वाट फार लवकर वेगळ्या होतात. म्हणून आधी त्याची कारकीर्द सविस्तर सांगतो.

त्याचा जन्म १९९५ मध्ये जपानमध्ये झाला. आई कॅनडाची आणि वडील इटालियन वंशाचे अमेरिकन. जन्म जपानमध्ये होऊनही तो जपानी ठरला नाही, कारण जपानमध्ये नागरिकत्व आई-वडिलांवरून ठरते, जन्मस्थळावरून नाही. तो अमेरिकेत वाढला आणि पोहणेही तिथेच शिकला. कॅनडा, अमेरिका आणि इटली हे तिन्ही देश एकाहून अधिक नागरिकत्वे चालवून घेतात आणि इटलीचा कायदा तर पूर्वजांच्या नात्यालाही मान देतो. त्यामुळे त्याला एक पासपोर्ट घेण्यासाठी दुसरा टाकावा लागला नाही. पुढच्या सगळ्या घडामोडींचा पाया हाच आहे.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो कॅनडाकडून उतरला. १०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत मी त्यानंतर कितीतरी वेळा पाहिली आहे. स्टार्टिंग ब्लॉकवर चढण्यापूर्वी तो प्रेक्षागारात वडिलांना शोधतो आणि त्यांना मधले बोट दाखवतो. परक्या डोळ्यांना ते असभ्य वाटते, पण बापलेकांचा तो जुना संकेत होता. आपल्याहून थोराड मुलांसमोर लहानग्या सांतोचा धीर सुटत असे, तेव्हा मनातली भीती झटकून टाकण्यासाठी वडिलांनीच त्याला ही सवय लावली होती. शर्यत सुटली आणि पन्नास मीटरच्या टर्नला तो सगळ्यांच्या पुढे होता. परतीच्या लांबीत ऑस्ट्रेलियाचा कायल चाल्मर्स मागून येऊन ४७.५८ सेकंदांत जिंकला. तिसऱ्या आलेल्या नेथन एड्रियनने ४७.८५ सेकंद घेतले, तर कोंडोरेलीने ४७.८८. त्या वेगाने पोहणारा माणूस तीन शतांश सेकंदांत जेमतेम सहा सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे ऑलिंपिकचे पदक चार बोटांच्या रुंदीपेक्षाही कमी अंतराने हुकले. जिल्हा स्पर्धांत टाइमकीपर म्हणून स्टॉपवॉच धरून मी बरीच वर्षे बसलो आहे आणि मला माहीत आहे की एवढा फरक माणसाच्या अंगठ्याला कळतसुद्धा नाही. तो फक्त भिंतीवरच्या टचपॅडला कळतो.

या दुःखाची ओळख महाराष्ट्रालाही आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.४७ सेकंदांत चौथा आला आणि कांस्यपदकाची वेळ होती २२.४६. तिथे अंतर होते दोन सेंटिमीटरांचे, बोटाच्या एका पेराएवढे.

रिओनंतर कोंडोरेलीने इटलीचा पर्याय निवडला, २०१९ च्या ग्वांगजू जागतिक स्पर्धेत तो इटलीच्या ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिले संघात होता आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये याच रिलेचे रौप्यपदक त्याच्या नावावर जमा झाले. ऑलिंपिक सनदेचा ४१ वा नियम सांगतो की ज्याच्याकडे दोन देशांचे नागरिकत्व आहे, त्याने कोणाकडून खेळायचे ते स्वतः निवडावे. मात्र ऑलिंपिक, खंडीय स्पर्धा किंवा जागतिक स्पर्धेत एका देशाकडून उतरल्यावर दुसऱ्याकडून खेळण्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. संबंधित देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांची संमती असेल, तर ही मुदत कमी होऊ शकते. ज्या खेळात उमेदीची वर्षे मोजकीच असतात, तिथे तीन वर्षे ही लहान मुदत नव्हे. म्हणून कोंडोरेलीने पासपोर्टाचा व्यापार केला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन्ही देश त्याला घरातून मिळालेले होते आणि देश बदलण्याची किंमत त्याने आपल्या ऐन भरातल्या वर्षांतून मोजली.

आता आपल्या मुलाविषयी. ओसीआय कार्डाच्या नावात नागरिक हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नाही. ते दीर्घ मुदतीच्या व्हिसासारखे आहे. भारताचा कायदा प्रौढ व्यक्तीला दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि केवळ भारतीय पासपोर्ट असलेल्या खेळाडूंनीच देशाचे प्रतिनिधित्व करावे, हे केंद्र सरकारचे धोरण २००८ च्या अखेरीपासून लागू आहे. त्यामुळे आज आहे त्या कागदपत्रांवर तो भारताकडून पोहू शकत नाही. कायद्यात एक मार्ग आहे : ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झालेली सज्ञान व्यक्ती, अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात राहिली असेल, तर भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. पण त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व सोडावे लागते. हे कोणी केलेच नाही, असे नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराता या फुटबॉलपटूचा जन्म जपानचा आणि वडील भारतीय. त्याने जपानी नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये तो भारताच्या संघातून खेळला.

माझे स्पष्ट मत असे की सोळाव्या वर्षी हा निर्णय घरात कोणीही घेऊ नये. आपण मुलाची वेळ पत्रात लिहिलेली नाही, म्हणून एक मोजपट्टी देतो. पॅरिस ऑलिंपिकच्या थेट प्रवेशासाठी ५० मीटर फ्रीस्टाइलची पात्रता वेळ २१.९६ सेकंद होती आणि खाडेने जकार्तात प्राथमिक फेरीत नोंदवलेली वेळ होती २२.४३. मुलाच्या वेळा दोन-तीन हंगाम या दोन आकड्यांशेजारी मांडून पाहा. अमेरिकेच्या तलावांवर क्लब, शालेय आणि विद्यापीठीय स्पर्धांची जी शिडी त्याला उपलब्ध आहे, ती तोपर्यंत सोडू नका. वर्षभर भारतात राहायचे ठरलेच, तर त्याला सराव कोण देणार आणि पन्नास मीटरचा तलाव रोज किती तास मिळणार, हे आधी इथे येऊन डोळ्यांनी पाहून घ्या. आणि भारताकडून पोहण्याची ओढ त्याची आहे की आपली, हे त्याला एकट्याला बसवून विचारा. हा प्रश्न मी कठोरपणे विचारत नाही. परदेशी राहणाऱ्या आई-वडिलांची ती ओढ मला समजते. पण पासपोर्ट त्याला सोडावा लागेल.

प्रश्न : टोकियोच्या रिले अंतिम फेरीत कोंडोरेली पाण्यातच उतरला नव्हता. मग त्याला रौप्यपदक कसे मिळाले? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. अंतिम फेरीत इटलीकडून मिरेस्सी, चेकोन, झाझेरी आणि फ्रिगो हे चौघे पोहले. आदल्या दिवशीच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, मात्र चेकोनच्या जागी कोंडोरेली होता. हीटमध्ये एका खेळाडूला विश्रांती देऊन अंतिम फेरीसाठी ताजा ठेवण्याची मुभा संघांना असते आणि ज्याने हीटमध्ये पोहून संघाला अंतिम फेरीत नेले, त्यालाही पदक मिळते. इटलीने ३ मिनिटे १०.११ सेकंदांत रौप्य घेतले आणि तिसऱ्या आलेल्या ऑस्ट्रेलियाची वेळ होती ३ मिनिटे १०.२२ सेकंद. चेकोनचे ताजे हात त्या अकरा शतांशांत कामी आले, असे मला वाटते, आणि ते ताजे राहिले ते कोंडोरेलीने हीटमधले शंभर मीटर पोहून दिल्यामुळे.