रस्त्याच्या कामात पाणी, वीज, गॅस, टेलिकॉम कंपन्यांशी समन्वय कसा सुधारायचा?

तुम्ही लिहिलंय की रुंदीकरण सुरू होऊन चार महिने झाले, पाच युटिलिटी कंपन्यांना तीन-तीन पत्रं गेली, उत्तर फक्त दोघींचं आलं आणि कंत्राटदार ‘जागा मोकळी करून द्या’ म्हणून मागे लागलाय. दर आठवड्याला बैठक लावली तर फरक पडेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

नुसत्या बैठकांनी फरक पडणार नाही. मी आधी काही वर्षं पाणीपुरवठा कंपनीत होतो, मग रस्त्याच्या बाजूला आलो, त्यामुळे तुमचं पत्र समोर न बघताही मला ते साधारण माहीत आहे. आमच्याकडे यायचं ते असं असायचं: ‘प्रकल्पास बाधित होणाऱ्या आपल्या सर्व वाहिन्या तातडीने स्थलांतरित कराव्यात.’ सोबत रस्त्याचा लेआउट, इतक्या लहान स्केलवर की आमची लाइन त्यात कुठे येते तेही कळू नये. कुठली वाहिनी, कुठपासून कुठपर्यंत, नवी टाकायची तर कुठल्या जागेत, खर्च कोण देणार, यातलं काहीच नाही. उत्तर द्यायचं तर आधी महिनाभर आम्हीच सर्व्हे करायचा. मग ते पत्र फाइलला लागायचं. यात आळस नव्हता. उत्तर देता येईल असा प्रश्नच त्या पत्रात नसायचा.

म्हणून सुरुवात प्रश्नापासून करा. ‘चेनेज 2+340 ला (रस्त्याच्या सुरुवातीपासून 2 किमी 340 मीटरवर) तुमची 300 मिमीची लाइन आमच्या नियोजित गटाराखालून जाते. ट्रायल पिटमध्ये (तपासणीसाठी घेतलेल्या खड्ड्यात) पाइपाचा माथा आणि गटाराचा तळ यांत फक्त 100 मिमी अंतर निघालं. गटार आम्ही 250 मिमी वर घेऊ शकतो. तेवढं पुरेल का, की वरून काँक्रीटचं संरक्षणही लागेल?’ याला समोरचा इंजिनिअर दोन दिवसांत उत्तर देतो, कारण त्याला फक्त विचार करायचा असतो, शोधाशोध करायची नसते.

असे सगळे छेद, म्हणजे वाहिनी आणि रस्त्याचं काम एकमेकांना आडवं येतं त्या जागा, एका तक्त्यात घ्या. एक ओळ म्हणजे एकच अडचण: चेनेज, मालक कंपनी, प्रकार आणि व्यास, माहिती कशावरून घेतली, रस्त्याच्या कुठल्या भागाशी टक्कर आहे, निर्णय काय, कुणाच्या नावावर आणि कुठल्या तारखेपर्यंत. याला परदेशात कॉन्फ्लिक्ट मॅट्रिक्स म्हणतात, पण साध्या एक्सेल शीटमध्ये होतं. निर्णयाच्या रकान्यात तीनच पर्याय ठेवा: आपलं डिझाइन बदलायचं, वाहिनी जागीच ठेवून संरक्षण द्यायचं, किंवा वाहिनी हलवायची. विचारही याच क्रमाने करा. आपल्याकडे सगळ्यालाच ‘युटिलिटी शिफ्टिंग’ म्हणायची सवय आहे, त्यामुळे हलवणं हाच एक मार्ग आहे असं गृहीत धरून आपण कामाला लागतो. माझ्या एका कामात दिव्याच्या खांबांची ओळ उच्चदाब केबलच्या डोक्यावर येत होती. केबल हलवायची म्हणजे नवी केबल, जॉइंट, चाचणी आणि वीज बंद ठेवण्याची परवानगी. शेवटी आम्ही खांब दीड मीटर मागे घेतले. ड्रॉइंगवर ते एका दुपारचं काम होतं, पण तो विचार सुचेपर्यंत तीन महिने आम्ही वीज कंपनीला स्मरणपत्रं पाठवत बसलो होतो. ती चूक माझी होती आणि ती अजून टोचते.

डिझाइन बदलायची मुभा फक्त सुरुवातीला असते, डिझाइन साधारण 30 टक्क्यांवर असताना. निविदा निघाली की प्रत्येक बदल म्हणजे जादा कामाचा प्रस्ताव, आणि मग तो कुणालाच नको असतो. पुढच्या प्रकल्पात कंपन्यांना तेव्हाच बसवा, अलाइनमेंट (रस्त्याची आखणी) नक्की व्हायच्या आधी.

आता माहितीबद्दल, कारण खरी गोची इथे असते. अमेरिकेच्या सिव्हिल इंजिनिअर संस्थेच्या एएससीई 38 या मानकात (2002 चं, 2022 मध्ये सुधारलेलं) जमिनीखालच्या माहितीचे चार दर्जे आहेत. ‘डी’ म्हणजे फक्त जुने नकाशे. ‘सी’ म्हणजे चेंबर, व्हॉल्व्ह, खांब अशा वर दिसणाऱ्या खुणा मोजून नकाशाशी लावलेला मेळ. ‘बी’ म्हणजे उपकरणांनी घेतलेला शोध आणि ‘ए’ म्हणजे खड्डा करून डोळ्यांनी पाहिलेली, मोजलेली वाहिनी. ब्रिटनमध्ये याच धर्तीवर पीएएस 128 हे मानक आहे. तुमच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे हा दर्जा लिहाच. ‘डी’ दर्जाच्या माहितीवर पाया ठरवलेला दिसला की बघणाऱ्याला लगेच धोका कळतो. पर्ड्यू विद्यापीठाने 1999 मध्ये 71 महामार्ग प्रकल्प तपासले होते. अशा शोधावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी 4.62 डॉलर वाचल्याचं त्यांना आढळलं. वरिष्ठ सर्व्हेच्या खर्चाला नाही म्हणत असतील तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा.

उपकरणांवरही डोळे झाकून विश्वास नको. ओल्या चिकणमातीत जमिनीखालचं शोधणारं रडार फार खोल जात नाही. केबल लोकेटरला प्लास्टिकचा पाइप दिसत नाही, सोबत ट्रेसर वायर (शोधता यावी म्हणून पाइपालगत टाकलेली धातूची तार) असेल तरच दिसतो. आणि खोलीचा आकडा तर हमखास फसवतो. एकदा नकाशावर ‘जमिनीपासून 1.2 मीटर’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ट्रायल पिटमध्ये मजूर हाताने माती काढत होता. जेमतेम 65 सेंटीमीटरवर फावडं थांबलं, लाल इशारापट्टी दिसली आणि तिच्या खाली केबल. नकाशा खोटा नव्हता. केबल टाकल्यानंतर कधीतरी तो उंचवटा कापून रस्ता सपाट केला होता, म्हणजे ज्या जमिनीपासून मोजलं ती जमीनच राहिली नव्हती. तेव्हापासून मी ‘जमिनीपासून’ दिलेली खोली घेत नाही, कायम बेंचमार्कला (उंची ठरलेल्या पक्क्या खुणेला) जोडलेली लेव्हल मागतो.

हे सगळं फक्त वेळ वाचवण्यासाठी नाही. बेल्जियममधल्या गिलेंगियाँला 30 जुलै 2004 रोजी उच्चदाबाची गॅसवाहिनी फुटली आणि 24 माणसं गेली. जवळच्या बांधकामात यंत्राने त्या पाइपाला आधीच इजा झालेली होती. पाइपाला बकेट नुसती घासली तरी लगेच कळवायचं, आणि कळवणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही, हा नियम कंत्राटदाराच्या ऑपरेटरपर्यंत पोहोचवा.

कंपन्यांची बाजू समजून घ्यायला ‘कधी हलवाल?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. विचारा की आमचं अंतिम ड्रॉइंग मिळाल्यापासून नवी लाइन चालू होईपर्यंत तुमचे टप्पे कोणते आणि प्रत्येकाला किती दिवस लागतात. मग कळतं की खोदाई आठवड्याची असते, पण केबलची ऑर्डर, खास फिटिंग, जॉइंटरची टीम आणि शटडाउन यांतच महिने जातात. मागणी कमाल असते त्या काळात कुणीही शटडाउन देत नाही. त्या तारखा आधी घ्या आणि तिथून उलटं मोजत या. पैशांचंही तसंच: खर्च कुणी करायचा हे कायद्यावर आणि जुन्या परवानगीच्या अटींवर ठरतं, पण रक्कम भरल्याशिवाय सामानाची ऑर्डर निघत नाही, हे बहुतेक ठिकाणी सारखंच. तुमचं एस्टिमेट मंजुरीत अडकलं असेल तर उशीर त्यांचा नाही, तुमचा आहे.

क्रमही सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा. उताराने वाहणारी मलवाहिनी वर-खाली वळवता येत नाही, म्हणून तिची जागा आधी. मग पाणी आणि गॅस, शेवटी केबल. हे न ठरवता मी टेलिकॉमची केबल एकाच वर्षात दोनदा हलताना पाहिली आहे, कारण पहिल्यांदा ती जिथे नेली तिथेच पुढे पाण्याची लाइन आली.

बैठक घ्यायचीच तर साइटवर घ्या आणि साहेबांबरोबर व्हॉल्व्हमन, लाइनमन यांनाही बोलवा. एका संयुक्त पाहणीत आम्ही सगळे नकाशा पसरून उभे होतो. व्हॉल्व्हमन काका दहा पावलं पुढे गेले, टाच आपटली आणि म्हणाले, “साहेब, इथं टी आहे. मी स्वतः बसवलाय.” नकाशात तो तिहेरी जोड नव्हता. खोदलं तर निघाला. बुजवायच्या आधी तिथेच लेव्हल, अक्षांश-रेखांश आणि फोटो घेतला आणि कंपनीलाही पाठवला. तुम्हीही उघडलेल्या प्रत्येक खड्ड्याचं हे करा.

आता तुमच्या कामापुरतं. चार महिने गेलेत, पूर्ण लांबीचा तक्ता आज करत बसू नका. कंत्राटदार पुढच्या सहा आठवड्यांत जिथे पोहोचणार आहे तेवढाच भाग घ्या, तिथले छेद लिहा, शंका असेल तिथे हाताने ट्रायल पिट घ्या. उत्तर न देणाऱ्या तिन्ही कंपन्यांना चौथं स्मरणपत्र पाठवू नका. त्यांच्या वाट्याच्या ओळी घेऊन स्वतः जा आणि फक्त त्या ओळींबद्दल बोला. एखादी ओळ अडली तर चेनेज आणि लेव्हलसकट इथे लिहा, मी बघून सांगतो.