व्हॉट्सॲप अपडेट केल्यावर बाबांचे जुने चॅट उडतील का?

नाही उडत. प्ले स्टोअरमध्ये 'अपडेट' दाबलं की नवी आवृत्ती जुन्यावरच बसते, चॅट अन् फोटो जिथल्या तिथे राहतात. नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार म्हणतो तसं 'आधी काढून टाका, मग नव्यानं घ्या' हे मात्र करू नका. बॅकअप नसताना ॲप काढलं तर चॅट परत आणणं कठीण.

तरी खात्रीसाठी सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. तिथे गूगल खातं कोणाचं जोडलंय तेही बघा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये ते बरेचदा फोन सुरू करून देणाऱ्या भाच्याचं निघतं! अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गूगलच्या फुकट 15 जीबीतच मोजतात, म्हणून सुप्रभातवाले व्हिडिओ त्यातून वगळा.

अपडेटचं बटणच दिसत नाही? मग फोनची अँड्रॉइड आवृत्ती तपासा. 4.4 वर व्हॉट्सॲप 2025 च्या सुरुवातीपासून बंद आहे, तिथे फोन बदलण्याशिवाय इलाज नाही. अपडेट करूनही 'आवृत्ती कालबाह्य' असं येत असेल तर फोनची तारीख चुकलेली असू शकते, ती आधी दुरुस्त करा.

आणि हो, सोसायटीच्या ग्रुपवर 'गुलाबी व्हॉट्सॲप' नावाच्या बनावट ॲपची लिंक आली तर बाबांना सांगा, हातसुद्धा लावायचा नाही. 2023 मध्ये मुंबई पोलिसांनीच त्याबद्दल सावध केलं होतं. अपडेट घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच.